उभ्या गाडीचं इंजिन

दूधविनायक, काशी
२ नोव्हेंबर १९९६

विश्वजीत,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्राला नव्याने मोजून देत नाही.

तुझं पत्र पोचलं. दोन वर्षांनी बापाची आठवण झाली आणि तीही वकिलाच्या सांगण्यावरून, हे पहिल्या चार ओळींतच उमगलं. तुला काडीमोड हवा आहे आणि त्यासाठी लागणारी काडी मी इथून पाठवायची. "नीरजाच्या वागणुकीबद्दल तुमच्या नजरेस जे येतं ते लिहून कळवा." वा! लग्नाच्या बायकोला इथे ठेवून तू बदलीवर नागपूरला गेलास, घर मिळालं की नेतो म्हणालास, आणि अजून तुला घर मिळालेलं नाही. आता एकदम तिची वागणूक आठवली.

तरी तुझं म्हणणं मी उडवून लावत नाही. मी कोणाचंच म्हणणं उडवून लावत नाही आणि कोणावर विश्वासही ठेवत नाही. डीएलडब्ल्यूच्या डीझल इंजिन कारखान्यात उभी हयात इंजेक्टरच्या खात्यात काढली. इतरांनी पास करून पाठवलेला माल पुन्हा तपासायचा, हीच माझी नोकरी होती. रिटायर झालो तरी सवय जात नाही. तुझी आई म्हणते, तुम्ही आरतीचं तबकसुद्धा उलटं करून बघाल.

तेव्हा नीट ऐक. नीरजाला या घराशिवाय घर नाही. तिचे आईवडील गेले, इटारसीचा भाऊ राखीपुरता. मी जे लिहीन त्यावर तिचं छप्पर आणि तिचं नाव दोन्ही अवलंबून आहे. म्हणून तुला हवं ते मी लिहिणार नाही. जे दिसेल ते लिहीन. आणि दिसलेलं लपवणारही नाही, मग ते तिच्याविरुद्ध का असेना.

सध्या दिसतंय ते असं. तू मागे टाकलेली डीझल अँबॅसडर आता तीच चालवते. ड्रायव्हर पळाल्यावर मीच तिला रविवारी रविवारी युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर नेऊन शिकवली. आपल्याकडे उतरणारे मराठी यात्रेकरू ती मुगलसराय स्टेशनहून घेऊन येते, त्यांना सारनाथ, विंध्याचल, प्रयाग करून आणते. म्हाताऱ्या बायका तर 'गाडीवर नीरजाताईच हवी' असं येण्याआधी पत्रातच लिहितात. तुझी आई त्यांचा स्वयंपाक बघते. घर त्यावर आणि माझ्या पेन्शनवर चाललं आहे.

पण गाडी गल्लीत शिरत नाही, ती मैदागिनच्या गराजात असते. म्हणजे सूनबाई किती वाजता निघाल्या, वाटेत कुठे थांबल्या, हे घरात बसून कळायला मार्ग नाही.

आणि गेला महिनाभर गाडी आजारी आहे. सकाळी उठताना पांढरा धूर, माणसं भरून निघाली की मागे काळा धूर, उभी असली की अंगात हीव भरल्यासारखी थरथरते. डीझल तर ढोसते. हा इंजेक्टरचा, म्हणजे डीझल फवारणाऱ्या तोटीचा रोग आहे, हे मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगेन. तो कशाने झाला ते अजून माहीत नाही. सुनेची वागणूक आणि गाडीचा रोग एकाच पत्रात का, असं तुला वाटेल. मलाही अजून नक्की सांगता येत नाही, पण मला वास येतोय.

आईचा निरोप काही नाही. तुझं पत्र वाचून ती देवघरात गेली ती अजून बाहेर आलेली नाही.

नीलकंठ


१९ नोव्हेंबर १९९६

विश्वजीत,

मागच्या पत्राचं उत्तर तू दिलं नाहीस. तुला गाडीत रस नाही, हे ओघानेच आलं. पण माझं पाहणं गाडीतूनच सुरू होतं, त्याला इलाज नाही.

रविवारी मैदागिनला जाऊन बॉनेट उघडलं. नीरजा पाने हातात द्यायला बरोबर होती. इंजिन चालू ठेवायचं आणि पंपाकडून नोझलांकडे जाणाऱ्या चार पाइपांचे नट एकेक करून जरासे सैल करायचे. ज्याचा नट सैल केला त्या सिलिंडरला डीझल पोचत नाही. तो काम करत असेल तर इंजिन लगेच अडखळतं. अडखळलं नाही, तर समजायचं की हा आधीपासूनच फुकट खात होता. पहिला सैल केला, अडखळलं. दुसरा केला, अडखळलं. तिसरा सैल केला तर इंजिनाला पत्ताच नाही! चौथाही रडतखडतच.

चारही इंजेक्टर त्यांच्या टोकांच्या नोझलांसकट काढले. चेतगंजला एका दुकानात नोझल तपासायचं हातपंपाचं यंत्र आहे, तिथे घेऊन गेलो. नेण्याआधी प्रत्येकाच्या अंगावर कानशीने बारीक खूण केली, कारण हे लोक चांगलं नोझल ठेवून घेतात आणि दुसऱ्याचं झिजलेलं आपल्या गळ्यात मारतात. दुकानदाराने खुणा पाहिल्या आणि म्हणाला, "बाबूजी, शक करने की भी हद होती है." मी म्हटलं, हद्द असते, पण ती मी ठरवतो.

दांडा दाबला की चांगलं नोझल कुरकुरतं आणि धुक्यासारखा बारीक फवारा सोडतं. आपलं तिसरं नोझल बिघडलेल्या नळासारखं ठिबकत होतं. तोंडाशी ओली, मऊ काजळी. ती पितळी ब्रशने काढली, डीझलमध्ये भिजवलं, आतली सुई पुसून तिरक्या नोझलात सोडून पाहिली. ती स्वतःच्या वजनाने हळूच खाली सरकायला हवी, आणि सरकली. म्हणजे सुई शाबूत आहे, फक्त तोंड बुजलं होतं. तांब्याचे वॉशर नवे घालून सगळं बसवलं, पाइपातली हवा काढली. गाडी अशी शांत चालायला लागली की नीरजाने टाळ्या वाजवल्या.

ती मध्येच म्हणाली, "बाबा, एकदा सेल्फपण बघा ना. कधीकधी अटकतो. बॅटरी बदलायला झाली आहे का?" मी म्हटलं, बॅटरी ठीक आहे, तू पाना धर. पण नंतर विचार आला, हिला एकाएकी बॅटरीची काळजी का? आमच्या समोर तर गाडी एका खेपेत उठते. मग ती अटकते तरी कुठे?

काजळीचा संशय तूर्त पेट्रोलपंपावर आहे. केरोसीन मिसळतात. आता दुसऱ्या पंपावरून डीझल घ्यायला सांगितलं आहे. बघू.

तुझा बाप


९ डिसेंबर १९९६

विश्वजीत,

नोझल पुन्हा बुजलं. तेच तिसरं, आणि आता चौथंही. तीन आठवड्यांत!

साफ करणं म्हणजे औषध नव्हे. ताप उतरवला पण ताप येतो कशाने, ते राहिलंच. म्हणून पाइपांचे नट सैल करतो तशी एकेक शंका सैल करून पाहिली.

केरोसीन नव्हे. केरोसीनने सुई कोरडी पडून तिच्यावर ओरखडे उठतात. आपली सुई लख्ख आहे. पाणी नव्हे, गंज कुठेच नाही. फिल्टर मी स्वतः उघडून पाहिला. चेतगंजवाल्याने नोझल बदलली असतील असं वाटलं, पण खुणा माझ्याच आहेत. गराजवाला रात्री गाडी बाहेर काढत असेल म्हणून चाकाखाली विटेचा तुकडा विशिष्ट कोनात ठेवून आलो. तो तसाच होता.

मग उरतं काय? ओली काजळी फक्त एकाच कारणाने इतक्या लवकर धरते. गाडी उभी असते आणि इंजिन चालू असतं. नुसतं घुरघुरत, तासन् तास. इंजिन नीट तापत नाही, डीझल पुरतं जळत नाही आणि नोझलाच्या तोंडाशी चिकटत जातं. लांबचा पल्ला मारला की बरीचशी काजळी जळून जाते. प्रयागची फेरी करूनही ती उरते, म्हणजे गाडी उभी तरी किती वेळ असेल विचार कर.

मी तिला सरळ विचारलं, "स्टेशनवर थांबतेस तेव्हा इंजिन बंद करतेस ना?"

"हो बाबा, बंद करते," ती म्हणाली. आणि खाली बघितलं.

खोटं. नोझल मला एक सांगतंय आणि सून दुसरं. तीस वर्षांत नोझल माझ्याशी खोटं बोललेलं नाही.

आता जे सांगतो ते सांगावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. पण दिसेल ते लिहीन असं तुला कबूल केलं आहे. परवा गाडी धुवायला गेलो होतो. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर बाहेरून पंजाचा ठसा होता. मोठा, पुरुषी, पाची बोटं पसरलेली. काचेला हात टेकून कोणी आत वाकून बोलत उभं राहिलं, की उमटतो तसा. नीरजा हल्ली परत आली की कोणाशी न बोलता वर जाते. आई जेवायला हाका मारते, तर म्हणते भूक नाही, यात्रेकरूंबरोबर खाल्लं.

माझा निष्कर्ष लिहितो. ती कुठेतरी, कोणासाठी तरी, गाडी चालू ठेवून बसते, आणि ते आमच्यापासून लपवते. कोणासाठी ते ठाऊक नाही. मला वाईट वाटतं आहे. तिला क्लच सोडायला मी शिकवलं.

तुझी आई म्हणते, "पोरीला विचारा ना सरळ." विचारलं की. अजून किती सरळ विचारायचं?

नीलकंठ


२३ डिसेंबर १९९६

विश्वजीत,

दोन वर्षं तुझं खुशालीचं कार्ड नाही आणि आता चौथ्या दिवशी स्पीडपोस्ट! वर टाइप केलेला कागद, खाली माझ्या सहीसाठी रेघ मारलेली.

कागद वाचला. त्यात 'परपुरुष' असा शब्द आहे. तो माझ्या पत्रात नव्हता. 'वारंवार' आहे, तोही नव्हता. 'कुटुंबाची अप्रतिष्ठा' आहे, तिचा तर मी विचारही केला नव्हता. तुझ्या वकिलाने माझ्या काजळीवर बराच रंग चढवला आहे.

सही केलेली नाही. माझा निष्कर्ष मी बदललेला नाही, असं समजू नकोस की मी विरघळलो. पण मी यंत्रावर लावून पाहिल्याशिवाय कधी कशावर सही केली नाही. ठसा पाहिला, माणूस पाहिलेला नाही. तो पाहीन आणि मग सही करीन.

आणि आणखी एक. तुला एवढी घाई कसली? माझ्या डोक्यात हा प्रश्न घुसला आहे आणि तो निघत नाही.

येत्या शनिवारी नागपूरकडचे यात्रेकरू येत आहेत, नीरजा त्यांना आणायला मुगलसरायला जाणार आहे. सध्या धुकं आहे, गाड्या चार-चार, सहा-सहा तास उशिरा येतात. म्हणजे तिच्याकडे थांबायला भरपूर वेळ. मी तिच्या आधी टेम्पोने जाऊन बसतो. घरात सांगितलं आहे की पेन्शनचं काम आहे.

नीलकंठ


६ जानेवारी १९९७

विश्वजीत,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधूनच वकिलाकडे नेऊ नकोस.

मी गेलो. तोंडाला मफलर गुंडाळून स्टेशनच्या आवारात चहाच्या टपरीवर बसलो. दुपार होती, पण धुक्यामुळे सूर्य नुसता नावाला. नीरजा आली. टॅक्सीवाल्यांची रांग सोडून लांब, भिंतीच्या कडेला गाडी लावली. चारही काचा वर. इंजिन चालू, मागे बारीक धूर. मी मनात म्हटलं, पकडली! आता फक्त तो यायचा राहिला.

तो आला. काचेवर टकटक केली, हात टेकून आत वाकला. मी उठून उभा राहिलो. पण तेवढ्यात दुसऱ्या बाजूने आणखी एक आला. मग तिसरा. मग टॅक्सीवाल्यांतले दोघे.

"मैडम, ड्राइवर कहाँ गया?"

"अरे, यही तो ड्राइवर है!"

"अकेली हैं? हम बैठ जाएँ बगल में, ठंड बहुत है."

एक जण बॉनेटवर चढून बसला. दुसऱ्याने काचेवर पंजा पसरून ठेवला, अगदी मी पाहिला होता तसा, आणि काचेला तोंड लावून आत काहीतरी बोलला. ते मला ऐकू आलं नाही, बाकीचे हसले ते ऐकू आलं. नीरजाने मान वर केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर. तिने हळूच क्लच सोडला, गाडी दहा-बारा हात पुढे गेली. बॉनेटवरचा उतरला. ती पुन्हा थांबली. ते हसत हसत पुन्हा मागे गेले. पुन्हा टकटक, पुन्हा गाडी पुढे. टपरीवाला मला म्हणाला, "रोज का तमाशा है, बाबूजी. चाय और दूँ?"

विश्वजीत, मी दुसरा चहा घेतला. लगेच उठलो नाही. मला वाटत होतं की या सगळ्यांत तो खरा कोणीतरी एक असेल, तो ओळखू येईल. इतका मी वेडा झालो होतो.

मग मात्र बसवेना. गेलो आणि मागच्या बाजूने येऊन तिच्या काचेवर टकटक केली. माझ्या पोरीने वळून पाहिलं नाही. गिअर पडला आणि गाडी अशी उडाली की काचेवरचा माझा हात निसटला आणि मी गुडघ्यांवर आलो. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, बुढ़ऊ भी!" आणि सगळं आवार हसलं.

त्यांच्या लेखी मी त्यांच्यातलाच होतो. आणि नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

आवाराला वळसा घालताना तिला आरशात मी दिसलो. ती गाडी घेऊन परत आली, माझ्याकडचं दार उघडलं आणि म्हणाली, "बाबा! लागलं का तुम्हाला? तुम्ही इथे कसे?"

मी कसा, ते सांगितलं नाही. विचारलं, "इंजिन बंद का करत नाहीस?"

"बंद केलं आणि सेल्फ उठला नाही तर?" ती म्हणाली. "एकदा नाही उठला. मग त्यांनीच धक्का मारला. धक्का मारताना... जाऊ दे."

"मला सांगायचं नाहीस?"

"सेल्फचं सांगितलं होतं ना. बाकीचं सांगितलं असतं तर तुम्ही गाडीच बंद केली असती. मग मी काय करू घरात बसून? कोणाची वाट बघू?"

या प्रश्नाचं उत्तर तू द्यायला हवं होतंस.

यात्रेकरूंची आगगाडी आली ती पाच तास उशिरा. यात्रेकरूंत नागपूरच्या कालिंदीबाई म्हणून एक वयस्कर बाई होत्या, मोकळ्या स्वभावाच्या. आमच्या भोसले राजांचा घाट आधी दाखवा, असं गाडीत बसताबसताच म्हणाल्या. माझं आडनाव ऐकलं आणि हरखून गेल्या. "म्हणजे विश्वजीतरावांचे वडील तुम्ही? बँकेतले ना? अहो, आमच्याच गल्लीत राहतात. तुमच्या सूनबाई काय गोड आहेत! श्रावणात बाळाच्या बारशाला गेले होते मी." मग पुढे वाकून म्हणाल्या, "आणि ह्या कोण?"

नीरजा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "मी ड्रायव्हर, काकू."

तिला ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. घरी आल्यावर तुझ्या आईला सांगितलं, तर ती नुसती "नातू की नात?" एवढं म्हणाली आणि रडायला लागली. आपल्याला नातवंड आहे हे आम्हाला परक्या बाईकडून मोटारीत कळावं, विश्वजीत! तुझी घाई आता समजली. मी पंपवाल्यावर संशय घेतला, दुकानदारावर घेतला, गराजवाल्यासाठी विटा रचल्या, सुनेच्या काचेवरचे ठसे मोजले. एकट्या तुझ्यावर घ्यायचा राहिला.

नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी नवी बॅटरी घातली आणि सेल्फ खोलून दुरुस्त करून घेतला. नीरजाला म्हटलं, आता खुशाल बंद करत जा, एका खेपेत उठेल. ती हो म्हणाली. पण परवा गराजात नोझल काढून पाहिलं तर पुन्हा ओली काजळी, म्हणजे इंजिन चालूच ठेवलेलं. भीती काय बॅटरी बदलून जाते? मी तिला म्हटलं, "ठेव चालू. हवं तितकं ठेव. नोझल बुजली तर मी बसलो आहे साफ करायला."

माझं ९ डिसेंबरचं पत्र फाडून टाक. त्यातला निष्कर्ष चूक आहे. इंजिन चालू असतं हे खरं, बाकी सगळं खोटं. तुझा टाइप केलेला कागद मी चुलीत घातला.

नीलकंठ


१२ फेब्रुवारी १९९७

विश्वजीत,

पत्र फाडलं नाहीस. वकिलाला दिलंस.

शुक्रवारी पोस्टमनने नीरजाच्या नावाची नोटीस आणली. तुझ्या अर्जाची प्रत जोडलेली. सही तर मी दिली नव्हती, म्हणून तुझ्या वकिलाने माझं पत्रच घुसवलं आहे. 'अर्जदाराचे वडील, जे स्वतः जाणकार आहेत, यांनी कळवल्याप्रमाणे जाबदेणार ही कुठेतरी, कोणासाठी तरी, गाडी चालू ठेवून बसते.' शब्द न् शब्द माझा. जानेवारीच्या पत्राचा मात्र उल्लेख नाही. ते तुला पोचलंच नाही, असं तू म्हणशील. म्हण. मी रजिस्टर्ड केलं होतं, पोचल्याची पावती घरी आहे.

नीरजाने नोटीस उंबऱ्यातच उभ्याने वाचली. मग आत येऊन माझ्यासमोर धरली.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मला एकदा विचारायचं."

"विचारलं होतं," मी म्हणालो. काय बोलतोय हे कळायच्या आत तोंडातून गेलं.

"नाही," ती म्हणाली. "विचारलं नव्हतं. तपासलं होतं."

ती आरडाओरडा करेल, रडेल, सामान बांधेल, असं वाटलं होतं. तसं काही केलं नाही. आईबरोबर भाजी निवडली, देवाला दिवा लावला. मी मनात म्हटलं, पोर मोठ्या मनाची आहे, निभावलं.

रविवारी ती पुन्हा मुगलसरायला गेली. मी येतो म्हणालो, तर म्हणाली नको. संध्याकाळी यात्रेकरूंना घेऊन आली, त्यांच्या पिशव्या वर पोचवल्या आणि माझ्यासमोर येऊन बसली. डाव्या मनगटावर बांगडी फुटून रक्त आलं होतं. कोपरापर्यंत बोटांचे लाल वळ. आई ओरडलीच, "अगं, हे काय झालं?"

नीरजा माझ्याकडे बघत म्हणाली, "गाडी बंद होती, बाबा. आज सगळा वेळ बंद ठेवली. दार उघडलं त्यांनी. किल्ली फिरवेपर्यंत हात धरला होता." मग म्हणाली, "तसं लिहून कळवा नागपूरला. इंजिन बंद होतं."

मी साठ वर्षांत रडलो नव्हतो, वडील गेले तेव्हाही पंचगंगा घाटावर कोरडा उभा होतो. त्या दिवशी तुझ्या आईने मला आत नेऊन बसवलं. नीरजाच्या हाताला हळद लावली तीही आईनेच. माझ्या हातून ती लावून घेईल असं मला वाटेना.

आता काय झालं आहे ते समजून घे. तिच्यापाशी स्वतःचा बचाव म्हणून एकच गोष्ट होती, चालू इंजिन. ती तू आणि मी मिळून तिच्याकडून काढून घेतली. मी लिहिलं, तू वापरलंस. यात तुझा वाटा जास्त, असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. पण तुझा तुला चुकणारही नाही.

काल मी तिला म्हटलं, "मी कोर्टात जातो. तुझ्या बाजूने उभा राहतो."

"काय सांगणार?"

"जे पाहिलं ते."

"ते तर मागच्या वेळीही पाहिलंच होतं, बाबा," ती म्हणाली. मग म्हणाली, "जा. पण मीही येणार. तुम्ही बोलाल तेव्हा मला समोर बसायचं आहे."

तेव्हा आम्ही दोघं येतोय. अठ्ठावीस तारखेला मी शपथेवर सांगणार आहे, की ते पत्र माझं आहे, ते ज्या माणसाने लिहिलं त्याने तोवर काही पाहिलेलं नव्हतं, आणि नंतर पाहिलं ते असं असं. बारशाचंही सांगणार आहे. तुझा वकील विचारील की डिसेंबरात एक आणि आता दुसरं, मग तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा? विचारू दे. ठेवू नका म्हणेन, तिला विचारा. ती समोर बसली आहे.

हे घर मी नीरजाच्या नावावर करतो आहे. आईची संमती आहे, तिने माझ्या आधी सुचवलं. निकाल काय लागेल तो लागो, तिला इथून कोणी ऊठ म्हणू शकणार नाही, मीसुद्धा.

बाळाचं नाव काय ठेवलं ते आईला कळव, तिचा जीव तुटतो. त्याचा यात काही दोष नाही, त्याला माझे आशीर्वाद. नागपुरात आम्ही कालिंदीबाईंकडे उतरू. तुझ्या घरचं पाणीही घेणार नाही. स्टेशनवर न्यायला येऊ नकोस.

नीलकंठ